मोफत कॉलेजचा ठराव

वंदनाला राग यायला फार काही लागत नाही, हे जाफराबादला तिच्या सासरी सगळ्यांना माहीत होतं. पण त्या दिवशी फोन ठेवून ती जी उठली, ते बघून तिच्या नवऱ्यानं, रामप्रसादनं, काही न विचारता हार्डवेअरच्या दुकानाचं शटर ओढलं आणि मोटरसायकलची किल्ली शोधायला लागला. माहेरी जायचंय एवढं त्याला कळलं होतं. कशासाठी, ते रस्त्यात कळणारच होतं.

फोन धाकट्या बहिणीचा, तृप्तीचा होता. पोरगी रडतसुद्धा नव्हती. नुसतं म्हणाली, "आक्का, माझं ॲडमिशन गेलं. दादा म्हणतेत, एक वर्ष घरी बस."

एक वर्ष! वंदनाच्या अंगाची लाही लाही झाली. हे एक वर्ष तिच्या चांगल्या ओळखीचं होतं. बारावीला तिला चांगले मार्क पडले होते, फार्मसीला जायचं होतं. त्याच साली थोरल्या भावाला, कल्याणला, इंजिनिअरिंगला घालायचं निघालं. त्याचा नंबर कुठंच लागला नव्हता, म्हणून दादांनी, म्हणजे बापानं, बदनापूरचा प्लॉट विकला आणि संभाजीनगरला मॅनेजमेंट कोट्यातून जागा घेतली. वंदनाला म्हणाले, एक वर्ष थांब, मंग तुझं बघू. ते वर्ष काही संपलं नाही. घरी बसलेली पोरगी कुणाला शिकायला थांबलेली दिसत नाही, लग्नाची दिसते. बघायला पाहुणे आले, पोहे झाले, हळद लागली. रामप्रसाद भला माणूस निघाला हे तिचं नशीब, त्यात दादांची काही अक्कल नव्हती. आणि कल्याण? तो दुसऱ्या वर्षाला नापास होऊन घरी आला आणि आता पांढरी पँट घालून पुढाऱ्यांच्या मागं फिरतो. त्याला कुणी एका शब्दानं बोललं नाही.

तरी वंदनानं बापावर राग धरला नव्हता, हे सांगितलं पाहिजे. एवढी तोंडाळ बाई, पण या एका बाबतीत कधी बोलली नाही. पैसा पुरला नाही, दोघांची फी एकदम झाली नाही, बाप तरी काय करणार, अशी तिनं स्वतःची समजूत घातली होती आणि त्याच समजुतीवर ती नांदत होती.

तृप्तीच्या वेळी मात्र तिनं स्वतः लक्ष घातलं. आता सरकारनं मुलींची फी माफ केलेली, उत्पन्नाचा दाखला काढला की झालं. तिनं पोरीला जाफराबादला बोलावून, शेजारी बसून फॉर्म भरला. पोरगीही गुणाची. अमरावतीला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजात तिचा नंबर लागला. फी शून्य. हॉस्टेल आणि जेवणाचं तेवढं बघायचं, तेही वंदना थोडं उचलणार होती. त्या दिवशी तिनं दुकानात आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा पेढे वाटले. खिळे घ्यायला आलेला माणूस पेढा खात गेला.

मग एवढं सगळं झाल्यावर ॲडमिशन गेलं कुठं?

राजूर मागं पडेपर्यंत ती गाडीवर मागं बसून एकसारखी बोलत होती. रामप्रसाद हूं हूं करत होता. दाभाडीजवळ त्यानं चहाला थांबू का म्हणून विचारलं आणि लगेच विचारलं नसतं तर बरं झालं असतं असं त्याला वाटलं.

घरी पोचली तेव्हा माय, म्हणजे झुंबरबाई, अंगणात सोयाबीन पसरत होती. दादा घरी नव्हते. गांधी जयंतीची ग्रामसभा होती, बाप्ये सगळे शाळेत गेलेले. तृप्ती आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसली होती. वंदनानं तिला बोलतं केलं आणि झालं काय ते दोघींनी मिळून तिला सांगितलं. माय सांगताना सारखी दाराकडं बघत होती.

झालं होतं असं. अमरावतीला नंबर लागल्यावर ओसरीवर भावकीची बैठक बसली. आपल्याकडं पोरीला स्थळ बघायचं असो की कॉलेज, भावकी बसल्याशिवाय काही होत नाही. पोरगी ज्या कॉलेजात जाणार ते कॉलेज त्या बैठकीतल्या एकानंही बघितलेलं नव्हतं, पण बोलले सगळे. अमरावती लांब. तिथं आपलं कोण? आजकालचे दिवस कसे? एक चुलता म्हणाला, पोरीची जात, काही कमीजास्त झालं तर. तेवढ्यात कडूबा आला. कडूबा हा दादांच्या चुलतभावाचा पोरगा, जालन्यातल्या एका संस्थाचालकाचा खास माणूस. गावात कुणाच्या घरी बारावीचा निकाल लागला की हा पेढे खायला पहिला हजर असतो, आणि जाताना साहेबाच्या कॉलेजसाठी एक नाव घेऊन जातो. तो म्हणाला, आपलं कॉलेज जालन्यात आहे, बदनापूरहून रेल्वेनं गेलं की संध्याकाळी पोरगी घरी. फीचं विचारलं तर म्हणाला, मुलींना सगळीकडं माफच आहे की.

दादांना ते एकदम पटलं. त्यांच्या मनात फी माफी म्हणजे रेशनसारखी. कार्ड आपलं आहे ना, मग या दुकानातून उचला नाहीतर त्या दुकानातून, गहू तोच. अमरावतीची माफी जालन्यात उचलायची, त्यात काय एवढं? फॉर्मवर मोबाइल नंबर दादांचा होता, कारण घरातल्या प्रत्येक कागदावर तोच असतो. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी आला, त्यांनी तो कडूबाला वाचून दाखवला आणि अमरावतीचं ॲडमिशन रद्द झालं. तृप्ती तेव्हा मायबरोबर रानात होती. तिला विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मोठ्या बहिणीला फोन करायचंही सुचलं नाही. ते कसं सुचेल?

पुढं पोरगी महिनाभर रेल्वेनं जालन्याला गेली. मग एके दिवशी ऑफिसात बोलावून तिला सांगितलं की फी भर. माफी सरकारच्या फेरीतून आलेल्या मुलींना असते, तुझं ॲडमिशन संस्थेच्या कोट्यातलं आहे. दादा जाऊन आले, कडूबाला विचारलं. कडूबानं हात वर केले. म्हणाला, काका, नियम सरकारचा, मी काय करू? तोवर सगळ्या फेऱ्या संपल्या होत्या. अमरावतीची जागा दुसऱ्या कुणाला गेली होती. आणि जालन्याची फी भरायची का, यावर दादा म्हणाले होते, फुकट असती तर शिकली असती, आता राहू दे.

वंदनानं हे सगळं ऐकलं आणि ती जमिनीवर खाली बसली. नुसतं कडूबाचं कारस्थान असतं तर तिनं त्याला भर चौकात धरला असता आणि विषय मिटला असता. पण तिला दुसरंच काहीतरी टोचायला लागलं होतं, आणि ते काय आहे ते तिला अजून नीट धरता येत नव्हतं.

तेवढ्यात शाळेवरचा भोंगा खरखरला. कडूबाचाच आवाज. ग्रामसभेत महत्त्वाचा ठराव मांडण्यात येत आहे, पदवीपर्यंतचं सगळं शिक्षण सर्व मुलामुलींना मोफत करावं, तरी सर्वांनी उपस्थित राहावं. ठरावाचे सूचक, श्रीयुत बद्रीनाथ. म्हणजे दादा.

"ऊठ," वंदना तृप्तीला म्हणाली.

माय मध्ये आली. चार माणसांत बापाची शोभा करू नको म्हणाली. वंदनानं तिच्याकडं असं बघितलं की माय बाजूला झाली, आणि मग काय वाटलं कोण जाणे, सोयाबीन तसंच टाकून, डोक्यावर पदर घेऊन मागून यायला लागली. सगळ्यांच्या मागं रामप्रसाद गाडी ढकलत निघाला.

शाळेच्या पटांगणात सतरंज्या टाकलेल्या. खुर्चीवर सरपंच बेबीनंदाबाई, शेजारी माइक धरून त्यांचे मालक, टेबलाशी ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसलेले. बाया एका कडेला, बाप्ये समोर. हा ठराव गावोगाव करून राह्यले आहेत, हे वंदनाला मागून कळलं. कडूबाच्या साहेबाला मुंबईला न्यायला दीडशे गावांचे ठराव पाहिजे होते. ज्यांच्या कॉलेजनं महिन्याभरात पोरीला बाहेर काढलं, त्यांनाच शिक्षण मोफत पाहिजे होतं. पैसे सरकारनं भरले की साहेबाला काय, जेवढी पोरं जास्त तेवढं बरं.

भिवा नावाचा एक म्हातारा उठून म्हणाला की सगळ्यांना फुकट म्हणजे बंगलेवाल्यांच्या पोरांनाही फुकट का, त्यांच्या पोरांचा खर्चा आपण का भरायचा? लोक हसले. म्हाताऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं, पण त्याला खाली बसवलं. मग दादा बोलायला उभे राह्यले.

बद्रीनाथ तसा बोलका माणूस नाही. पण माइक हातात आला की माणसाला काय होतं देव जाणे. गरिबाच्या लेकरांनी शिकायचं कसं, फी किती वाढली, सगळं बोलले. आणि मग म्हणाले, "माझंच उदाहरण घ्या. माझी लेक हुशार. इंजिनिअरिंगला गेल्ती. फी परवडली न्हाई म्हणून आज घरी बसून हाय." टाळ्या पडल्या. कडूबानं ग्रामसेवकाला खूण केली, हे उदाहरण ठरावात घ्या, नावानिशी घ्या.

तृप्तीनं मान खाली घातली. वंदना मात्र बायांच्या कडेनं सरळ पुढं चालत गेली. कुणी अडवायच्या आत ती टेबलापाशी पोचली होती. माइक तिनं मागितलाच नाही. तिच्या आवाजाला माइकची गरज नव्हती.

तिनं जे सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. पोरीचा नंबर सरकारी कॉलेजात लागला होता, फी एक रुपया नव्हती, ते ॲडमिशन या दोघांनी ओसरीवर बसून मोबाइलवरून रद्द केलं, आणि पोरीला ते दुसऱ्या दिवशी कळलं. कडूबा म्हणाला, विषयाला धरून बोला. वंदना त्याला म्हणाली की विषय तूच आहेस, तुझ्यावर सावकाश येते. बायांमध्ये कुणीतरी फिस्सकन हसलं. सरपंचबाईंचे मालक माइकवर फुंकर मारून शांतता शांतता म्हणायला लागले, तर खुद्द सरपंचबाईंनी हात करून त्यांनाच गप्प केलं.

मग वंदनानं सभेला विचारलं, ठरावाच्या बाजूनं कोण कोण? सगळे हात वर गेले. दादांचाही गेला.

"आता फी माफ झाली आणि पोरीचा नंबर अमरावतीला नाहीतर नागपूरला लागला, तं पाठवणार कोण? त्यांनीच हात वर ठेवा."

कुणी हात खाली केला तो मिशीवरून फिरवत केला. कुणी टोपी नीट केली. बघता बघता पटांगणात एकच हात उरला. तो तातेरावांचा होता. तातेराव पाटबंधारे खात्यात चौकीदार होते, आता रिटायर. बौद्धवाड्यातले. त्यांची सत्यशीला नागपूरला शिकून आता तिकडंच प्राध्यापक आहे, हे सगळ्या गावाला माहीत होतं. आंबेडकर जयंतीला तिचं नाव घेऊन भाषणं व्हायची.

तातेराव हात वर ठेवूनच उभे राह्यले आणि म्हणाले, "मी पाठवलं तवा माफी न्हवती. दोन पोरी होत्या मला. सत्यशीलाची फी भरली. भावनाची भरायला काही राह्यलंच न्हाई. ती आजबी मला काही म्हणत न्हाई." मग ग्रामसेवकाकडं वळले. "ठराव करा. माझी दुसरी पोरगी फीपायी राह्यली. पण खोटं उदाहरण देऊन करू नका." आणि ते खाली बसले.

वंदना त्यांच्याकडं बघत राह्यली. घरी जमिनीवर बसल्यापासून जे तिला टोचत होतं ते तिला आता धरता आलं. तातेरावांकडं खरंच पैसा नव्हता. आणि आपण आपल्या बापाला इतकी वर्षं तातेराव समजत आलो!

दादांना काहीतरी बोलणं भाग होतं. सगळं गाव त्यांच्याकडं बघत होतं. ते चिडून म्हणाले, "लोकांत बापाला बोलायची ही रीत हाय का? एक वर्ष घरी बसली तं काय बिघडलं?"

"मला बी एकच वर्ष म्हणले होते तुम्ही," वंदना म्हणाली. आता तिचा आवाज खाली आला होता, आणि रामप्रसाद मागून पुढं सरकला, कारण तिचा आवाज खाली आला की त्याला जास्त भीती वाटायची. "मला वाटलं, पैसा पुरला न्हाई. भावाची फी भरली, माझी झाली न्हाई. म्हणून मी तुम्हाला कधी एका शब्दानं बोलले न्हाई, दादा. हिची तं फी शून्य होती. मंग आता काय पुरलं न्हाई?"

बद्रीनाथनं मागं वळून बघितलं. कल्याण मागं उभा होता, तो मोबाइलमध्ये बघायला लागला. जे उत्तर होतं ते माइकवर सांगण्यासारखं नव्हतं.

वंदनाला वाटलं होतं की एवढं बोलून झालं की मोकळं वाटेल. कसलं मोकळं? उलट त्या प्लॉटच्या पैशाचा, त्या पोह्यांचा, त्या हळदीचा सगळा राग आता एकदम वर आला, आणि इतकी वर्षं आपण तो गिळून बसलो याचा त्याहून जास्त आला. पण भांडत बसायला ती आली नव्हती. पोरगी घरात बसली तर दिवाळीनंतर बघायला येणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

"तृप्ती माझ्याकडं राहील," तिनं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. "परीक्षा परत देईल. नंबर जिथं लागल तिथं जाईल. आता भावकी बसायची न्हाई."

रामप्रसादला हे तिथंच, गावाबरोबरच कळलं. सगळ्या माना त्याच्याकडं वळल्या. दादांनी तर हात जोडून विचारलं, पाहुणे, तुमचं काय म्हणणंय? बिचाऱ्यानं एकदा बायकोकडं बघितलं, एकदा तृप्तीकडं बघितलं. म्हणाला, घर आमचं लहान आहे, पण अभ्यासाला जागा होईल. बायका पुन्हा हसल्या, पण या वेळी वेगळ्या हसल्या.

कडूबाला घाई झाली होती. साहेबाची गाडी संध्याकाळी ठराव न्यायला येणार होती. त्यानं रजिस्टर दादांच्या पुढं सरकवलं, पेन हातात दिलं, हळूच म्हणाला, काका, जाऊ द्या, सूचक म्हणून सही करा. ठराव लिहून तयार होता. सर्वांना मोफत शिक्षण, सर्वानुमते मंजूर, आणि खाली उदाहरण म्हणून कुमारी तृप्ती बद्रीनाथ हिचं नाव. दादा पेन धरून उभे राह्यले.

तेव्हा तृप्ती उठली. चार माणसांत ती पहिल्यांदाच बोलणार होती. टेबलापाशी आली आणि बापाला म्हणाली, "सही करा, दादा. ठराव चांगलाय. फक्त त्यातून माझं नाव काढा."

ग्रामसेवकानं दादांकडं बघितलं, कडूबाकडं बघितलं. त्यानं पट्टी लावली आणि तिच्या नावावरून एक सरळ रेघ मारली.

माय बायांमधून निघून फाटकापाशी जाऊन उभी होती. तिनं तृप्तीचे हात हातात घेतले, कपडे मी उद्या कुणाजवळ तरी पाठवते म्हणाली, आणि शाळेकडं पाठ करूनच तिला गाडीवर बसवलं. बद्रीनाथ सही करून वर बघेपर्यंत पोरगी निघून गेली होती.